फाइल उघडली, पण मराठी दिसेना: शाळेच्या कार्यालयातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची ही अनुदानित माध्यमिक शाळा. शाळेचं नाव, गाव आणि माणसांची ओळख इथे दिलेली नाही. पाचवी ते दहावीचे वर्ग, एक संगणक कक्ष आणि मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून कार्यालय. कार्यालयात दोन लिपिक. त्यांतल्या वरिष्ठांना सगळी शाळा भाऊसाहेब म्हणते. मी तालुक्यातल्या काही शाळांचे संगणक, प्रिंटर आणि नेटवर्क सांभाळतो, त्यांतली ही एक.

कार्यालयातला जुना संगणक विंडोज ७ वर चालायचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ साठी सुरक्षेच्या सुधारणा देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं होतं. तरी तो बदलला नव्हता, कारण मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज त्याच्यावरच बसवलेलं होतं. ते डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीवर चालायचं. यूएसबीला डोंगल लावलेला नसेल तर कळफलकावरून मराठी उमटायचंच नाही. शालार्थमधली वेतनदेयकं, सरल, यू-डायस प्लस ही ऑनलाइन कामं दुसऱ्या संगणकावर होत. जुना फक्त मराठी कागदांसाठी राखलेला होता आणि त्याला इंटरनेट जोडलेलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

या संगणकावर सगळ्यांत मोलाची होती एक एक्सेल फाइल: जनरल रजिस्टरची सूची. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची हस्तलिखित नोंद. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाइड, जात पडताळणीसाठी लागणारा उतारा, सगळं त्यावरून निघतं. भाऊसाहेबांनी वर्षानुवर्षं सवड काढून कपाटातल्या बहुतेक रजिस्टरांची सूची केली होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक, पान. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आजोबा-पणजोबांच्या नोंदी विचारायला माणसं रोज शाळेत येऊ लागली, तेव्हा या फाइलने कार्यालयाला तारलं होतं.

अडचण

२०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन पद्धतीने व्हायचे होते, त्यामुळे पालक दाखल्यांसाठी नेहमीपेक्षा जास्त घाईत होते. नेमक्या त्याच दिवसांत जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. संस्थेने तातडीने गावातल्याच दुकानातून विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला. दुकानातल्या मुलाने जुन्या हार्ड डिस्कमधल्या फाइली नव्यावर उतरवून दिल्या आणि काम झालं म्हणून सांगितलं.

भाऊसाहेबांनी सूची उघडली. ओळी सगळ्या होत्या, स्तंभ सगळे होते, रजिस्टर क्रमांकही होते. नावांच्या जागी मात्र रोमन अक्षरं, कंस, चौकटी आणि विरामचिन्हांची गिचमिड. दाखल्याचा नमुनाही तसाच. मला फोन आला तो "सर, व्हायरस आलाय" असा.

व्हायरस नव्हता. जुन्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फाइलमध्ये साठतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांकच. तो ठरावीक फॉन्ट असेल तोवर डोळ्यांना मराठी दिसतं, फॉन्ट नसेल तर उघडं पडतं ते खरं रूप. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सामाईक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरांची पट्टी आहे. तिथे 'क' हा कोणत्याही फॉन्टमध्ये आणि कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. म्हणजे शाळेच्या फाइलीला काहीही झालेलं नव्हतं. ती पहिल्यापासून एकाच संगणकावर वाचता येईल अशीच होती.

बॅकअप होता का, हा प्रश्न संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांत आधी विचारला. होता, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर आणि एका पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हमधली प्रत अगदी धडधाकट निघाली आणि तीही तशीच गिचमिड दिसली. या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. प्रती कितीही ठेवा, त्या दुसऱ्या यंत्रावर कधी उघडूनच पाहिल्या नसतील तर त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पहिला निर्णय: आजचं काम वेगळं, जुनी फाइल वेगळी

मी शाळेत पोचलो तेव्हा कार्यालयाबाहेर पालकांची रांग होती आणि आत तीन मतं होती. जुना संगणक कसाही करून चालू करा. पॅकेजची नवी आवृत्ती आजच्या आज मागवा. दुकानदाराच्या ओळखीचा एक जण डोंगलशिवाय चालणारी प्रत पेन ड्राइव्हवर आणून देतोय, ती घ्या.

मुख्याध्यापिका मॅडमनी विचारलेला प्रश्न साधा होता: "भाऊसाहेब, या वर्षीच्या मुलांच्या दाखल्याला ही फाइल लागतेच का?" लागत नव्हती. दहावीच्या मुलांच्या नोंदी चालू रजिस्टरात होत्या आणि ते रजिस्टर टेबलावरच होतं. फाइलमधून मिळत होता तो फक्त दाखल्याचा छापील नमुना. कपाटात कोऱ्या छापील दाखल्यांची पुस्तकं शिल्लक होती. मॅडमनी लगेच ठरवलं की या वर्षीचे दाखले हाताने लिहायचे, दोन शिक्षकांनी मदतीला बसायचं, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने रजिस्टरशी ताडून पाहायचं. जन्मतारीख अक्षरी लिहिताना ताडणाऱ्याने मोठ्याने वाचायची.

पुढचं सगळं नीट होऊ शकलं ते या निर्णयामुळे. दाखल्यांची घाई आणि फाइलीचा प्रश्न एकत्र राहिले असते, तर त्या दिवशी कुणीतरी तो पेन ड्राइव्ह लावलाच असता. कायदेशीर मूळ कागद कोणता आणि सोयीसाठी केलेला कोणता, हे कार्यालयप्रमुखाला स्वच्छ ठाऊक असलं की तांत्रिक माणसाला श्वास घ्यायला जागा मिळते.

मी तेवढ्यात एक काम केलं. दुकानदार जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून नव्या संगणकात जादा ड्राइव्ह म्हणून बसवणार होता, ती आधी ताब्यात घेतली. डिस्कची तब्येत तपासली, तिच्यावर काहीही न लिहिता तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मूळ डिस्क पाकिटात घालून, वर तारीख लिहून मॅडमच्या कपाटात ठेवली. सुट्या फाइलींपेक्षा पूर्ण प्रतिमा यासाठी, की दुकानातल्या मुलाने फक्त कागदपत्रांचं फोल्डर उतरवलं होतं. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, ते मागेच राहिले होते.

कोणते मार्ग होते

जुना मदरबोर्ड दुरुस्त करणं किंवा त्याच पिढीचा जुना बोर्ड शोधणं शक्य होतं. तेवढ्याने शाळा पुन्हा त्याच जागी आली असती, सुरक्षा नसलेल्या विंडोजवर आणि एका डोंगलच्या भरवशावर. हा मार्ग मी शेवटचा म्हणून राखून ठेवला.

पॅकेजची नवी आवृत्ती घेणं सरळ होतं, आणि अशा नव्या आवृत्त्यांत युनिकोडची सोयही असते. पण जुन्या खरेदीचं बिल सापडेना, त्यामुळे जुन्या ग्राहकाची सवलत मागता येईना. नवी खरेदी करायची तर संस्थेची मंजुरी लागणार होती. शिवाय जुन्या फाइलींचं रूपांतर तरीही करावंच लागलं असतं.

डोंगल तोडलेली प्रत नाकारली. परवाना हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की ज्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, जाती आणि आधार क्रमांक राहणार, त्यावर कुठून आली ते माहीत नसलेली फाइल चालवायची नाही.

सगळं पुन्हा टाइप करण्याची तयारी भाऊसाहेबांनी दाखवली. काही हजार ओळी, त्याही नावांच्या. त्यांनी ते केलंही असतं. पण पुन्हा टाइप करताना नव्या चुका शिरतात आणि त्या पुढच्या पिढीच्या जात पडताळणीत उभ्या राहतात.

राहिला युनिकोडमध्ये रूपांतराचा मार्ग. इंटरनेटवर अशी रूपांतराची पानं बरीच आहेत. मजकूर एका चौकटीत टाकला की दुसऱ्या चौकटीत युनिकोड मिळतो. शुभेच्छापत्राला ती ठीक आहेत. हजारो मुलांची नावं आणि जन्मतारखा अनोळखी सर्व्हरवर पाठवणं मला मान्य नव्हतं, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लहान मुलांच्या माहितीबद्दल जास्तच कडक आहे. त्यामुळे रूपांतर शाळेतच, इंटरनेट काढलेल्या संगणकावर करायचं ठरलं.

रूपांतर

पहिली पायरी म्हणजे फाइल वाचता येणं. डिस्कच्या प्रतिमेतून फॉन्ट काढून नव्या संगणकावर बसवले. शाळेने ते विकत घेतलेले होते आणि जुना संगणक बंद पडलेला होता. डोंगल टाइप करायला लागत होता, नुसतं पाहायला नाही. सूची पुन्हा मराठीत दिसली तेव्हा भाऊसाहेब लगेच टाइप करायला बसणार होते, पण मॅडमनी थांबवलं. आता जुन्या फॉन्टमध्ये एकही नवं अक्षर घालायचं नाही, हा नियम तेव्हाच ठरला. त्याला तांत्रिक कारणही होतं. नव्या संगणकावर ऑटोकरेक्ट चालू होता. तो वाक्याचं पहिलं रोमन अक्षर आपोआप मोठं करतो. जुन्या फॉन्टमध्ये लहान आणि मोठ्या अक्षराच्या घरांत वेगवेगळी मराठी अक्षरं असतात, म्हणजे न कळत नावच बदललं असतं.

दुसरी पायरी म्हणजे फाइल कोणत्या रूपात घ्यायची हे ठरवणं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, सोपी वाटते. पण तिच्यात फॉन्टचं नाव राहत नाही. या सूचीत तर दोन वेगवेगळ्या पॅकेजांचे फॉन्ट निघाले, कारण मधली काही वर्षं दुसऱ्या लिपिकाने दुसऱ्या संगणकावर नोंदी करून इथे चिकटवल्या होत्या. दोन्ही पॅकेजांत एकाच घरात वेगळी अक्षरं. दुसरा धोका तारखांचा. नवा संगणक अमेरिकी मांडणीवर होता, महिना आधी आणि दिवस नंतर. सीएसव्ही करून पाहिली तेव्हा मजकूर म्हणून टाइप केलेल्या ०७/०४ चा ७ एप्रिल राहिला नाही, ४ जुलै झाला. जन्मतारखेत अशी चूक डोळ्यांनी सापडत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात. म्हणून आधी विंडोजची प्रादेशिक मांडणी भारताची केली, फाइल लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधून एक्सएलएसएक्स या एक्सेलच्या नव्या रूपात जतन केली आणि पायथन या भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीचा फॉन्ट पाहून त्या-त्या तक्त्याने रूपांतर केलं. तारखांच्या स्तंभाला हातच लावला नाही.

अक्षरांचा तक्ता बनवायला भाऊसाहेब माझ्याशेजारी बसले. कोणत्या घरात कोणतं अर्धं अक्षर आहे हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. खरी कसोटी मात्र वेलांटी आणि रफार यांची. जुन्या फॉन्टमध्ये दिसतं त्या क्रमाने साठतं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणून दोन्ही हलवावे लागतात. वेलांटी नुसती एक घर पुढे सरकवली की 'अश्विनी'चं 'अशि्वनी' होतं, कारण तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून जायचं असतं. 'शर्मिला'मध्ये रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात. तिथे रफाराला मात्रेच्याही मागे जावं लागतं, नाहीतर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. मुलींच्या नावांनी हा प्रोग्राम जितका तपासला, तितका दुसऱ्या कशानेच तपासला गेला नाही.

यंत्राने पकडता येतील अशा चुका यंत्रालाच पकडायला लावल्या: शब्दाच्या सुरुवातीला आलेली मात्रा, पाय मोडलेल्या अक्षरानंतरची वेलांटी, लागोपाठ दोन मात्रा. अशी प्रत्येक ओळ पिवळी. जुना मजकूर शेजारच्या स्तंभात तसाच ठेवला. ओळींची संख्या आणि रजिस्टर क्रमांकांची बेरीज रूपांतराच्या आधी आणि नंतर ताडून पाहिली.

'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशा आडनावांनी वेगळाच त्रास दिला. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक ऱ या अक्षराचा पाय मोडून, दुसरा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालून. छापल्यावर फरक दिसत नाही, शोधताना मात्र एक सापडतं आणि दुसरं निसटतं. सगळीकडे पहिलीच रीत ठेवली. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'ऍ' वापरत. दोन्ही एकरूप केले.

टायपिंगचा प्रश्न

इथपर्यंत सगळं जमलं होतं आणि तरीही काम फसू शकलं असतं. भाऊसाहेबांनी मराठी टंकलेखनाची ४० शब्दांची शासकीय परीक्षा दिलेली, बोटं रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर बसलेली. विंडोजमध्ये मराठीचा जो कळफलक तयार मिळतो तो इनस्क्रिप्ट. उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबायची सोयही आता विंडोजमध्ये आहे, धाकट्या लिपिकाला तीच आवडली. माझं स्वतःचं मत इनस्क्रिप्टच्या बाजूचं आहे. तो भारतीय मानक आहे आणि सगळ्या यंत्रांवर सारखा मिळतो. पण निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला दाखल्यांच्या हंगामात नव्याने बोटं वळवायला लावणं मला अन्यायाचं वाटलं, आणि व्यवहारातही ते चाललं नसतं. त्यांनी गुपचूप जुना फॉन्ट वापरायला सुरुवात केली असती आणि वर्षभरात दोन प्रकारच्या मजकुराची खिचडी झाली असती.

म्हणून युनिकोड उमटवणारा रेमिंग्टन कळफलक बसवला. हिंदीसाठी केलेल्या रेमिंग्टनमध्ये आणि मराठीच्या रेमिंग्टनमध्ये काही कळा वेगळ्या असतात, त्यांचा छापील तक्ता भाऊसाहेबांनी स्वतःच करून मॉनिटरखाली चिकटवला. आठवडाभरात त्यांचा वेग परत आला. धाकटा लिपिक उच्चारानुसार टाइप करतो. दोघांचा मजकूर एकाच फाइलमध्ये बिनबोभाट बसतो, कारण साठतं ते सारखंच.

निष्पत्ती

दाखले वेळेत गेले, हाताने लिहूनच. सूचीचं रूपांतर पावसाळ्यात पूर्ण झालं. आता आडनाव टाइप केलं की ओळ सापडते. जुन्या फाइलमध्ये ही सोय नावापुरतीच होती, कारण शोधायलाही तोच फॉन्ट आणि तोच डोंगल लागायचा. अकारविल्हे यादीही लागते, एक फरक सोडून. 'क्षीरसागर' आता क मध्ये येतात, कारण युनिकोडच्या दृष्टीने क्ष हे क आणि ष यांचं जोडाक्षर आहे. आपल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी येतात, त्यामुळे पहिल्यांदा भाऊसाहेबांना वाटलं की क्षीरसागर गायबच झाले. यादीच्या माथ्यावर आता तशी टीप आहे.

दाखल्याचा नमुना लिबरऑफिसमध्ये नव्याने केला. सुरुवातीला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटत होते. मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर आणि मराठी रूपं असलेला फॉन्ट घेतल्यावर शासनाच्या २००९ च्या निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श आले. किरकोळ बाब वाटेल, पण दाखला हा शाळेचा चेहरा असतो आणि मॅडमनी त्यावर अडून बसणं योग्यच होतं.

जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्नेहसंमेलनांच्या पत्रिका रूपांतरित केल्या नाहीत. फॉन्ट बसवलेला असताना त्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच साठवता येतो, त्यामुळे शोधता आलं नाही तरी वाचता कायम येईल. काही फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या होत्या. त्यांतल्या बहुतेक लिबरऑफिस ड्रॉने उघडल्या, थोड्यांची मांडणी विस्कटली आणि त्या तशाच सोडल्या.

वेगळं काय करता आलं असतं

नवा संगणक दुसऱ्याच दिवशी घेण्याची गरज नव्हती. दाखले हाताने लिहायचे असं ठरल्यावर तर मुळीच नव्हती. आठ दिवस थांबून, कशासाठी घ्यायचा ते ठरवून घेतला असता तर विंडोज होमऐवजी प्रो आवृत्ती आणि एक जादा डिस्क त्याच खर्चाच्या आसपास मागता आली असती.

पॅकेजचं बिल, परवान्याचा कागद, डोंगलचा क्रमांक हे सगळं एका फाइलीत हवं होतं. आता कार्यालयात सॉफ्टवेअरची वेगळी नोंदवही आहे. डेडस्टॉक रजिस्टरात खुर्च्या-टेबलांची नोंद असते, मग पैसे देऊन घेतलेल्या परवान्याची का नसावी, हा मॅडमचा प्रश्न बिनतोड होता.

आणि रूपांतराची वेळ. विंडोज ७ वरही युनिकोड मराठी नीट चालत होतं. दिवाळीच्या सुट्टीत, संगणक जिवंत असताना हेच काम निम्म्या त्रासात झालं असतं. तालुक्यातल्या इतर शाळांत मी आता आधी हेच पाहतो: कार्यालयातली सगळ्यांत जुनी मराठी फाइल मोबाइलवर पाठवायची आणि उघडून बघायची. मराठी दिसली तर ठीक, नाहीतर काम समोर आहे. याच शाळेच्या संगणक कक्षातल्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिथली यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण तिथे अडकून पडेल असा मजकूर नाही, त्यामुळे तो निर्णय सवडीने घेता येतो आहे.

सूचीत जुन्या मजकुराचा स्तंभ अजून ठेवलेला आहे. भाऊसाहेबांना तो नकोसा झालाय, छपाईत आडवा येतो म्हणतात. मी तो लपवून दिला, काढला नाही. मूळ हस्तलिखित रजिस्टरांशी पूर्ण ताळा होईपर्यंत तो राहावा असं माझं म्हणणं आहे. अलीकडच्या रजिस्टरांचा ताळा झाला आहे. शाई फिकट पडलेली जुनी रजिस्टरं उरली आहेत, त्यांचं वाचन शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या एका बाईंनी आपणहून अंगावर घेतलं आहे.